पाण्याची वाट आणि आपली जागा

(महोत्सवी वर्षातील सभासद-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षमहाराज, विश्वस्त मंडळी, आणि पेडणे-डिचोलीहून, तसेच मुंबईहून प्रवासाचे कष्ट घेऊन आलेल्या बंधुभगिनींनो,

महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा, संस्थापकांचे स्मरण करावे आणि वेळेत खाली बसावे, असा शिरस्ता आहे. गौरव आणि स्मरण ही दोन्ही कामे आमच्या आधीच्या वक्त्यांनी इतकी उत्तम केली आहेत की त्यांत भर घालण्याचे आम्ही मनात आणीत नाही. कार्यवाहांनी आम्हांस विषय दिला आहे तो पुराचा. उत्सवाच्या मांडवात हा विषय काहींना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या नियोजित सभागृहाची जागा ज्या व्हाळाच्या काठी आहे, त्या व्हाळाचा विचार केल्यावाचून सभागृहाची कोनशिला बसू नये, असे आमचे मत आहे. आणि ते आज सर्वांसमक्ष सांगावयाचे आहे.

आपल्याकडे पूर म्हटला की २०२१ सालचा पूर डोळ्यांसमोर येतो. त्या वर्षी १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. माड-फणस उन्मळून पडले, विजेचे खांब आडवे झाले. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच २३ जुलैचा दिवस उजाडला. म्हादई, वाळवंटी, डिचोलीची नदी आणि शापोरा या साऱ्या एकदम चढल्या. सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांत शेकडो घरांची हानी झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनीच सांगितले. त्याच आठवड्यात सह्याद्रीच्या पलीकडे-अलीकडे काय चालले होते तेही ध्यानात घ्या. महाबळेश्वरास २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, चिपळूण पाण्याखाली गेले आणि महाडजवळचे तळिये गाव दरडीखाली गाडले गेले. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटली. २३ जुलैच्या दुसऱ्याच दिवशी गुरुपौर्णिमा होती. पौर्णिमेच्या उधाणाची भरती आणि वरून येणारा लोंढा, या दोहोंची गाठ आपल्या नद्यांच्या मुखाकडे पडली. मांडवीत भरतीचा जोर समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोहोचतो. मग तिला मिळणाऱ्या लहान नद्यांनी आपले पाणी टाकावे कोठे?

डिचोलीत 'बंदरवाडा' आहे. हे नाव काही कोणी गमतीने ठेवलेले नाही. होड्या-पडाव जेथे लागत, तेथे बंदर असे; आणि जेथे बंदर, तेथे भरतीचे पाणी येणारच. नावात सांगितलेली गोष्ट आपण विसरलो आणि पाणी आले की आश्चर्य करू लागलो. असो.

आता मुद्द्याकडे वळू. पूर हा एकच रोग आहे आणि त्याचे औषधही एकच आहे, अशी जी समजूत दिसते ती आम्हांस बरोबर वाटत नाही. त्याच बाजारात, त्याच रस्त्यावर, वर्षातून तीन निरनिराळ्या कारणांनी पाणी भरते.

पहिला प्रकार वैशाखातला, वळवाच्या पावसाचा. दुपारपर्यंत अंगाची लाही होते. समुद्रावरून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवरून वर चढते, सह्याद्री तिला आणखी वर ढकलतो, आणि तिसऱ्या प्रहरी डोंगराच्या बाजूने काळेकुट्ट ढग उभे राहतात. मग वीज, गडगडाट, आणि तासा-दीड तासाची मुसळधार सर. या वेळी नदीला पाणी नसते. पुलावर उभे राहून पाहिले तर पात्रातले दगड उघडे दिसतात. आणि तरीही बाजारातल्या सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी उभे! नदी रिकामी आणि रस्ता भरलेला, हे दृश्य नीट पाहिले म्हणजे कळते की या पुरात नदीचा काडीमात्र दोष नाही. पाणी नदीपर्यंत पोहोचतच नाही. गटारांत आठ महिन्यांचा पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, बांधकामाची रेती आणि चिरे. मोरीच्या तोंडाशी कोणा दुकानदाराने टाकलेली फरशी. आणि घरापुढचे मातीचे अंगण जाऊन तेथे सिमेंट झालेले. पणजीसारख्या राजधानीत अठरा जून रस्त्यावर आणि मळा भागात जे घडते, त्याचीच ही धाकटी आवृत्ती होय.

दुसरा प्रकार आषाढ-श्रावणातला. त्या वेळी गटारे स्वच्छ असली तरी उपयोग होत नाही, कारण नदीच रस्त्यापेक्षा उंच चढलेली असते. सांखळीचे उदाहरण घ्या. वाळवंटीचे पाणी बाजारात शिरू नये म्हणून काठाला भिंती घातल्या. त्या योग्यच होत्या. पण भिंतीमुळे जसे बाहेरचे पाणी आत येत नाही, तसेच आतले पाणी बाहेर जात नाही. म्हणून शहरातले पाणी पंप लावून नदीत टाकावे लागते. तो पंप ऐन वेळी चालला तर सांखळी वाचते, बंद पडला तर नाही. वरच्या अंगाला केरीजवळ अंजुणे धरण आहे. त्याचे दरवाजे कधी आणि किती उघडतात, याकडे सांखळीकरांचे कान लागलेले असतात. पेडण्याकडच्या लोकांचे कान तसे तिळारीकडे असतात. तिळारी धरण आहे सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. प्रकल्प महाराष्ट्र आणि गोवा या दोघांचा. आणि तेथून सुटलेले पाणी येते आपल्या शापोऱ्यातून. डिचोली तालुक्यातील साळ, पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल, कासारवर्णे ही गावे त्या वाटेवर आहेत. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत या गावांनी ते पाणी घरात घेतले. धरणावरचा निरोप दोन राज्यांच्या कचेऱ्यांतून फिरून साळच्या शेतकऱ्यापर्यंत यावयास जो वेळ लागतो, त्याहून लवकर पाणी येते, अशी त्या भागातील लोकांची तक्रार आहे, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तिसरा प्रकार नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास परतीच्या पावसाचा. तो दरवर्षी येत नाही. येतो तेव्हा मात्र गाफील गाठतो. २ ऑक्टोबर २००९ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, काणकोणात काही तासांत जे झाले ते दक्षिणेकडील मंडळींना सांगावयास नको.

हे तीन प्रकार वेगळे करून सांगण्याचे कारण असे की, पहिल्या प्रकाराचा उपाय बव्हंशी आपल्या हातात आहे. दुसऱ्यासाठी सरकार, धरण आणि पंप लागतात. पहिल्यासाठी खोरे, घमेली, चार दिवस आणि थोडी लाज पुरते.

आणि हा पहिला प्रकार आता वाढत चालला आहे. मृग लागला की पाऊस, ५ जूनच्या आसपास गोव्यात मोसमी वारे, हा आपला हिशेब. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच सबंध गोव्यावर येऊन पोहोचला. त्याआधीचे काही दिवसही वळवाने झोडपून काढले होते. मुंबईत तर २६ मे रोजी पाऊस दाखल झाला, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्यातील पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. हवा एक अंशाने तापली की तिच्यात वाफ धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि अरबी समुद्र तापत आहे याविषयी आता मतभेद उरलेला नाही. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की, 'गटारांची साफसफाई मेअखेर पूर्ण होईल' हे जे आश्वासन आपण दरवर्षी वाचतो, ते वेळेवर पाळले गेले तरी उशिराचे ठरण्याचा संभव आहे. पाऊस कंत्राटाची मुदत पाहून येत नाही.

थोडा हिशेब सांगतो. विद्यार्थ्यांनी तो घरी करून पाहावा. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार इंच, पाऊस पडला तर १ लाख घनमीटर, अर्थात १० कोटी लिटर पाणी होते. पाण्याचा टँकर १० हजार लिटरचा धरला, तर असे १० हजार टँकर. हे पाणी दिवसभरात आले तर रान, शेत आणि तळी त्यातले पुष्कळ पिऊन टाकतात. तेच दीड तासात आले आणि खाली सिमेंट असले, तर ते सगळेच्या सगळे एका मोरीकडे धावते. मोरी बांधणाऱ्याचे गणित जुने, पाण्याचे नवे.

हे पाणी पूर्वी कोठे राहत असे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या दोन्ही तालुक्यांच्या भूमीतच आहे. वर जांभ्याचा सडा, उतारावर रान आणि कुळागरे, खाली भाताची शेते आणि खाजने, शेवटी नदी. सडा दिसतो उघडाबोडका, पण जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पाणी शोषून घेतो आणि पुढे कित्येक महिने पायथ्याच्या झऱ्यांतून थोडे थोडे सोडतो. सड्याच्या पोटात केवढे पाणी असते हे पाहावयाचे असेल तर पेडण्याचा रेल्वे बोगदा पाहा. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ सालच्या जानेवारीत पूर्ण खुला झाला, त्यात या दीड किलोमीटरच्या बोगद्याने इंजिनिअरांना सर्वांत जास्त दमविले. जुलै २०२४ मध्ये तर रुळांखालूनच पाण्याचे उमाळे फुटले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. अशा सड्यावर आपण रस्ते, वसाहती, धावपट्ट्या करतो, तेव्हा त्या सोयी आपल्यालाच हव्या असतात, हे मान्य. मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात, आणि आजच्या मेळाव्यासही काही मंडळी त्याच विमानतळावरून आली असतील. आमचे म्हणणे इतकेच की, सड्याचा जेवढा भाग झाकला तेवढे पाणी मुरण्याचे थांबले, आणि ते खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहिले. ते अडविण्यासाठी तळी खणण्याचा खर्च वरच्या कामाच्या अंदाजपत्रकातच असला पाहिजे.

डिचोलीची कथा खाणीची. एक टन खनिज काढावयाचे तर अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. त्या मातीचे डोंगर आपण पाहिलेच आहेत. पावसाने ती वाहून आणली, शेतांत बसविली आणि नदीच्या तळाशी थर चढविले. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर आता टप्प्याटप्प्याने सुरू होत आहेत. त्यांवर पुष्कळ घरांच्या चुली अवलंबून होत्या, म्हणून या विषयावर आवेशाने बोलणे आम्हांस आवडत नाही. परंतु खाण थांबली म्हणून नदीच्या तळाचा गाळ आपोआप निघून जात नाही.

खालच्या शेतांची आणि खाजनांची व्यवस्था मात्र आपल्या पूर्वजांनी अशी लावली होती की आजच्या अभियंत्यांनीही ती जवळून पाहावी. खाजनाच्या बांधात मानस असे. लाकडी दारे अशी बसविलेली, की भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानेच ती मिटत. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडे. ना पंप, ना वीज. बांध आणि मानस राखणे हे गावकरीचे, म्हणजे कोमुनिदादीचे काम. पोर्तुगीजांनी १५२६ साली अफोंसो मेशियाच्या फोरालात गावकरीचे रिवाज लिहून काढले, पण ते त्याहून जुने होते. मानशीवरील मासळीचा लिलाव होई आणि त्यातून डागडुजीस हातभार लागे. अपेक्षा अशी की बांध फुटला तर ज्याचे शेत बुडत नाही त्यानेही धावून जावे. या व्यवस्थेत उणिवा होत्या. कोणाचा शब्द चाले आणि कोणाच्या पाठीवर माती येई, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण पाण्याची वाट ही सर्वांची, ती एकट्याने अडवावयाची नाही, एवढी समजूत त्यात होती.

आता आपल्या सभागृहाच्या जागेकडे येतो.

ही जागा दात्याने मोठ्या मनाने दिली आहे, आणि तिजविषयी कृतज्ञतेवाचून दुसरा शब्द आमच्या तोंडून निघणार नाही. ती रस्त्यापेक्षा सखल आहे. पूर्वी तेथे भात पिकत असे. आराखड्यात प्रथम ती माती टाकून रस्त्याच्या पातळीला आणावी आणि मग इमारत उभारावी असे आहे. सनद मिळेल की नाही हा कायद्याचा प्रश्न. तो वकिलांकडे सोपवू. आम्ही फक्त पाण्याचे बोलतो. समजा, दोन हजार चौरस मीटर जागा आहे आणि मोठ्या सरीत तीवर मीटरभर पाणी उभे राहते. म्हणजे ती जागा दोन हजार घनमीटर, २० लाख लिटर पाणी तासा-दोन तासांपुरते आपल्या ओटीत घेते आणि मोरी मोकळी झाली की सोडून देते. भराव टाकला की ते २० लाख लिटर नाहीसे होत नाही. ते जाते मागच्या वाड्यावर. तेथे जी थोडी कुटुंबे राहतात, त्यांतली काही आपली सभासद आहेत, काही नाहीत. धर्मादाय संस्थेला हा फरक करण्याची मुभा आहे असे आम्ही मानीत नाही.

काही सभासदांनी आम्हांस विचारले की, आजूबाजूला सर्वांनीच भराव घातले आहेत. आपण एकट्याने न घातल्याने असा कोणता फरक पडणार? याचे उत्तर वरच्या हिशेबातच आहे: फरक २० लाख लिटरांचा पडेल. दुसरे म्हणाले, खर्च वाढेल. होय, वाढेल. खांबांवर इमारत उचलून घ्यावयाची आणि खालची जमीन जशीच्या तशी मोकळी ठेवावयाची, तर पायाचा खर्च जास्त येणार. त्याऐवजी भरावाच्या मातीचा आणि संरक्षक भिंतीचा खर्च वाचेल, तो वजा करून मग अंक पाहावा. सभागृहाच्या खाली गाड्या उभ्या राहतील, उन्हाळ्यात मुलांना खेळावयास सावली मिळेल, चवथीआधी माटोळीच्या सामानाचा बाजारही तेथे बसू शकेल. भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण रंगवून ठेवावी. पुढच्या पिढीला ऐकीव गोष्टींवर विसंबावे लागणार नाही.

मदतकार्याविषयी दोन शब्द. पाणी ओसरल्यावर तांदूळ, चादरी, भांडी वाटण्यात आपला न्यास कधी मागे राहिला नाही. ते चालूच ठेवावे. पण पुरात ज्या वस्तू जातात त्यांतल्या काही वाटून परत देता येत नाहीत. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि जुलैत पाणी येते. कोरी पुस्तके मिळतात, पण मुलाने महिनाभर लिहिलेल्या वह्या मिळत नाहीत. एक-चौदाचा उतारा, जुने पोर्तुगीज दस्तऐवज, लग्नाचा दाखला, आजोबांच्या नाटकमंडळीची छायाचित्रे यांचेही तसेच. म्हणून आमची सूचना अशी की, न्यासाच्या कचेरीत एक यंत्र ठेवून सभासदांच्या आणि शेजाऱ्यांच्या कागदपत्रांच्या प्रती काढून द्याव्यात. तरुण मंडळींना हे काम चुटकीसरशी येते. त्याच मंडळींनी वेधशाळेची तीन तासांची सूचना पाहून सखल भागातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन करावा. जड सामान उचलावयास एक तास आधी कळले तरी पुष्कळ वाचते. रात्री पाणी चढले तर ११२ हा क्रमांक आहे. पण शेजारी त्याहून लवकर पोहोचतो. आणि वळवाच्या पावसात पाण्याइतकेच विजेचेही भय असते, तेव्हा मुलांना माडाखाली किंवा उघड्या शेतात थांबू देऊ नये.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षमहाराजांनी केली आहे. शेवटची विनंती. सभागृहाचा आराखडा मंजुरीस पाठविण्याआधी येत्या चैत्रात, पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता, आपण सर्वांनी त्या जागेपासून नदीपर्यंत व्हाळाच्या काठाकाठाने चालत जावे. अंतर फार नाही. इमारतीचे अभियंते, नगरपालिकेचे आपले प्रतिनिधी आणि मागच्या वाड्यावरील मंडळी यांना कार्यवाहांनी पत्रे धाडावीत. टेप, वही आणि दोन-चार खोरी बरोबर असावीत. कोठे मोरी बुजली आहे, कोठे भिंत पुढे आली आहे, कोणाच्या अंगणात पाणी किती चढले होते, हे सारे जागेवर उभे राहून लिहून काढू. मग आराखड्यावर मत द्यावे. चहाची व्यवस्था कार्यवाहांनी मान्य केली आहे.